'पण' नसलेला फोटो

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार नसतात. पेशंटचं तोंड उघडं असतं, तरी त्याला बोलता येत नाही. आणि मी बोलत असते तेव्हा त्याचं लक्ष माझ्या हातातल्या मशीनकडे असतं. माझ्याकडचे सगळे किस्से रविवारचे आहेत. रविवारी क्लिनिक बंद असतं आणि सकाळी सात वाजता माझ्या वेटिंग रूममध्ये पाच माणसं, एक पेन ड्राइव्ह आणि पिशवीभर गरम बोंडे जमतात. चार वर्षं हे चाललंय. एक किस्सा सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा निघतो, आणि ऐकून ऐकून कंटाळलेला माझा नवरा परवा म्हणाला, "सगळं लिहून ठेव. पाहुणे आले की वाचायला देऊं." म्हणून हे.

मी मूळची सांगलीची. लग्न करून तंजावूरला आले त्याला बावीस वर्षं झाली. इथल्या मराठी घरांत मी अजून 'तिकडची' आहे आणि सांगलीला गेले की 'मद्रासची'. आमच्या रविवारच्या मंडळीत मात्र मी नुसती 'डॉक्टरवैनी' आहे, आणि तेवढं पुरतं.

*

सुरुवात गोपालराव सरांच्या दाढेनं झाली. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर. दाढ दाखवायला आले आणि वेटिंग रूममधल्या टीव्हीकडे बघत बसले. त्या टीव्हीवर दिवसभर दात कसे घासावेत याचा व्हिडिओ चालू असतो. सरांचा नंबर आला तरी उठेनात. मला वाटलं दाढ फार दुखतेय. सर म्हणाले, "वैनी, ह्या टीव्हींत मी काढलेले फोटो दिसतील का?"

त्या रविवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्याबरोबर मुरारी आला. मुरारी जमीनमोजणीच्या खात्यात आहे आणि त्याला माणसांचे फोटो काढायचा नाद. किल्ली सेल्वीकडे असते म्हणून तीही थांबली. सेल्वी माझी रिसेप्शनिस्ट, तमिळ, अगदी मोजकं बोलणारी. सरांनी मोठ्या हौसेनं त्यांच्या मेव्हणीचा फोटो लावला, एका डोळ्याखाली काळी सावली पडलेला. मुरारीनं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "सर, ह्यांना कोणी मारलंय का?"

दोघं पुढचे दोन रविवार एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी सरांनीच नियम केला. फोटो कोणाचाही असो, आधी त्यातलं एक चांगलं सांगायचं, मग 'पण' म्हणून एक उणं सांगायचं. जास्त नाही, कमी नाही. तमिळ माणसानं 'आना' म्हणावं, इंग्रजीवाल्यानं 'बट'.

नियमाचा दुसरा भाग माझा. ज्याचा फोटो पडद्यावर असेल तो गप्प बसत नाही, सारखा "उजेडच नव्हता", "ती हलली" असं सुरू करतो. मी म्हटलं, ज्याचा फोटो, त्यानं तोपर्यंत बोंडा खायचा. तोंड भरलेला माणूस वाद घालत नाही, हे मला धंद्यातनं ठाऊक आहे. तेव्हापासून आमच्याकडे 'पुढचा फोटो कोणाचा' असं कोणी विचारत नाही, 'पुढचा बोंडा कोणाचा' असं विचारतात.

*

नियम केला खरा, पण सेल्वीची पंचाईत झाली. तिला खोटं बोलता येत नाही. चांगलं असेल तर ती "नल्ला इरुक्कु" म्हणते, म्हणजे 'चांगलंय', आणि नसेल तर काहीच म्हणत नाही.

एकदा मुरारीनं त्याच्या थोरल्या भावाचा फोटो लावला. मोजणीखात्यातला माणूस, त्याच्या फोटोत भिंत, दार, कट्टा सगळं कसं ओळंब्यात असतं. याही फोटोत दाराची चौकट इंचभर हलली नव्हती. भावाचं डोकं मात्र कपाळापासून वर कापलं गेलं होतं.

आधी चांगलं सांगायचं होतं. सेल्वी बघत राहिली. मुरारीचा एक बोंडा संपला, दुसरा संपला. शेवटी ती म्हणाली, "चारही कोपरे आहेत."

मुरारीनं ते मनापासून घेतलं. 'पण' ऐकायला तो थांबलाच नाही, तिसरा बोंडा घेऊन खाली बसला.

*

दुसऱ्यांना हसतेय तर माझंही सांगते. मला फोटोत आधी दात दिसतात. डोळे, उजेड, भाव वगैरे मंडळी बोलत असतात, तोवर माझी नजर दुसऱ्या दाढेपर्यंत पोचलेली असते.

सरांनी शेजारच्या नव्या नवरीचा फोटो आणला होता. लाजून हसणारी, फार गोड. माझी पाळी आली. मी म्हटलं, "हसू फार मोकळं आलंय, पण खालच्या डाव्या दाढेत कीड आहे."

सरांनी बोंडा तसाच खाली ठेवला.

पुढच्या मंगळवारी ती नवरी क्लिनिकमध्ये हजर. मोबाइलवर तोच फोटो मोठा करून दाखवत म्हणाली, "ही म्हणालात ना?" दाढ खरंच किडलेली होती. मी ती भरली, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून मला बंदी घातली: डॉक्टरवैनींनी ओठांच्या आतलं काही बोलायचं नाही.

*

विठ्ठलराव आले ते दोन वर्षांपूर्वी. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत जन्मभर अर्ज तपासून रिटायर झालेले. त्यांच्या टेबलावर हजारो माणसांचे फोटो आले आणि त्यातले निम्मे त्यांनी परत पाठवले. हसलेला, चष्मा चमकलेला, मान वाकडी असलेला, सगळे परत. आता हातात कॅमेरा आला तरी ती नजर कशी जाणार? विठ्ठलराव कुणाचाही फोटो काढायचे तो पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून, समोरून, आणि दोन्ही कान दिसतील असा. भिंत नसेल तर बायकोच्या भावाला वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, धरून मागं उभं करायचे.

"विठ्ठलराव, फोटो स्वच्छ आहे, पण हा अर्जाला लावायचा फोटो आहे," असं आम्ही प्रत्येक रविवारी म्हणायचो. ते बोंडा चावत मान हलवायचे आणि पुढच्या रविवारी आणखी दोन कान घेऊन यायचे.

एकदा ते मुद्दाम पापनाशमला गेले. आम्हीच पाठवलं होतं, की मोकळ्यावर जा, भिंतीपासून लांब. तिथे भाताच्या खाचरात त्यांना एक म्हातारा भेटला. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, खांद्यावर टॉवेल, मागं हिरवंगार शेत आणि सकाळचं कोवळं ऊन. असा फोटो मिळायला नशीब लागतं. विठ्ठलरावांनी म्हाताऱ्याला हाताला धरून बांधावरनं चालवत शाळेच्या पांढऱ्या भिंतीपाशी नेलं, हनुवटी सरळ केली, कानावरनं टॉवेल काढला आणि फोटो घेतला.

म्हातारा थांबून राहिला. मग घरी जाऊन आधारची झेरॉक्स घेऊन आला. "अय्या, कार्ड कधी मिळेल?"

हे विठ्ठलरावांनीच आम्हाला सांगितलं, अगदी गंभीरपणे. वर म्हणाले, "झेरॉक्स घेऊन ठेवलीं आहे. मनुष्य एवढा चालत आला, नको कसं म्हणूं?" आणि खरंच, पुढच्या आठवड्यात पापनाशमला परत जाऊन त्यांनी त्या म्हाताऱ्याचं पेन्शनचं अडलेलं काम करून दिलं. फोटो मात्र वाईटच होता.

*

एका रविवारी पाऊस होता, सर आणि मुरारी आले नाहीत. सेल्वी, मी आणि विठ्ठलराव. मी सहज विचारलं, "तुम्ही दर रविवारी आमचं इतकं ऐकून घेता. एवढं कशासाठी?"

त्यांनी बोंडा हातातच ठेवला. म्हणाले, "घरांत फोटो काढूं देत नाहींत."

घरांत म्हणजे बायको, कावेरीबाई. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्या उठल्या तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. औषधांनी बरंच सावरलं, डोळा मिटायला लागला, बोलणं नीट झालं. ओठांचा डावा कोपरा मात्र खाली राहिला तो राहिलाच. तेव्हापासून त्या पदर तोंडावर धरून बोलतात. आरसा फक्त भांग पाडण्यापुरता. चार वर्षांत त्यांचा एकही फोटो नाही.

"धाकटीचं लग्न आहे तै महिन्यांत, पोंगल झाल्यावर," विठ्ठलराव म्हणाले. "ह्या म्हणतात, मी मांडवांत बसतें, फोटोंत नाहीं. पोरगी म्हणते, आई नसेल तर मलाही फोटो नको. दोघीही हट्टी. मी मधें." मग म्हणाले, "माणसाला बरा दिसेल असा फोटो काढतां आला, तर ह्यांना दाखवेन. बघा म्हणेन, मी वाईट नाहीं काढत. एक तरी फोटो असा, की तुम्ही कोणी 'पण' म्हणणार नाहीं."

मला फार वाईट वाटलं. आम्ही दोन वर्षं त्यांच्या कानांची चेष्टा करत होतो, आणि हे घरच्या एका चेहऱ्यासाठी शिकत होते. सेल्वीनं उठून त्यांच्या ग्लासात आणखी कॉफी ओतली.

पुढच्या रविवारपासून आम्ही सगळे कंबर कसून विठ्ठलरावांच्या मागं लागलो.

*

सर म्हणाले, उपाय सोपा आहे. कावेरीबाईंना खिडकीपाशी बसवायचं, चांगली बाजू उजेडाकडे, दुसरी बाजू सावलीत. एकच कान. झालं.

हे शिकवायला आम्ही सगळे बस धरून ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, गेलो. तिथं दगडी खांबांमधून सकाळचं ऊन तिरपं आत येतं. सरांनी विठ्ठलरावांना खांबापाशी उभं करून उजेडाचे नियम सांगायला सुरुवात केली. किरण, कोन, परावर्तन. फळा नव्हता म्हणून जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. सगळं समजलं तेव्हा ऊन खांबावरून निघून गेलं होतं.

"उद्यां परत येईल," सर म्हणाले.

तेवढ्यात गावातल्या चारसहा जणांनी विठ्ठलरावांना ओळखलं. कचेरीतले साहेब आले म्हटल्यावर कोणी घरनं अर्ज घेऊन आलं, कोणी रेशनकार्ड. "मी रिटायर झालों," हे विठ्ठलराव तमिळमध्ये आठ वेळा म्हणाले, आणि प्रत्येक वेळी रांग थोडी वाढली. दीड तास त्यांनी खांबाला टेकून लोकांचे अर्ज वाचले.

फोटो राहिलाच. निघताना छत्राबाहेर फुलं विकणारी एक आजी दिसली. एक डोळा पांढरा झालेला, दुसरा चांगला. विठ्ठलरावांनी तिला विचारलं, ती हो म्हणाली. नुकतेच धडे घेतलेले असल्यामुळे ते चांगल्या डोळ्याच्या बाजूला जाऊन बसले. आजीनं मान वळवली आणि पांढरा डोळा त्यांच्याकडे केला. ते उठून पलीकडे गेले. आजीनं पुन्हा मान वळवली. असं तीनदा झालं. मुरारी हसू दाबत होता.

चौथ्यांदा आजी वैतागली. "तू सारखा तिकडे कशाला पळतोस? ह्या बाजूनं घे. माझी मूक्कुत्ती ह्या बाजूला आहे."

पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला, नाकात, लाल खड्याची चमकी होती. डोळ्याचं तिच्या मनातही नव्हतं.

विठ्ठलरावांनी तिनं सांगितलं तसा फोटो घेतला. परत येताना बसमध्ये ते तोच फोटो काढून बघत होते. तंजावूर आलं, उतरताना मला म्हणाले, "वैनी, मी तिला विचारलोंच नाहीं, कुठल्या बाजूनं हवाय म्हणून."

*

त्यानंतर ते तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले, आणि मागं कावेरीबाई.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे, की फोटोत जो असेल त्याला विचारल्याशिवाय तो टीव्हीवर लावायचा नाही. विठ्ठलरावांनी विचारलं होतं. कावेरीबाई म्हणाल्या होत्या, "लावा. मी येतें. माझ्यापुढें काय बोलतात बघतें." चांगली निळी रेशमी साडी, केसात मोगरा, आणि पदर डाव्या गालावर घट्ट धरलेला. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. मी कॉफी पुढं केली तर नको म्हणाल्या; कॉफी प्यायला पदर सोडावा लागतो.

विठ्ठलरावांनी पेन ड्राइव्ह लावला, बोंडा तोंडात घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

फोटो त्यांच्या स्वयंपाकघरातला होता. खिडकी नाही, सावली नाही, कसला कोन नाही. कावेरीबाई समोरून, अगदी कॅमेऱ्याकडे बघत. घरातली विटलेली साडी, हातात झारा. मागं गॅसवर दूध उतू गेलेलं, भांड्यावरनं ओघळ खाली आलेला. दूध उतू चाललंय आणि नवरा कॅमेरा धरून उभा आहे म्हणून त्या रागावल्या असणार, आणि रागावता रागावता त्यांना हसू फुटलेलं. हसू सगळं उजवीकडे धावलं होतं, डावीकडे ओठ जिथल्या तिथं. डोळे मात्र दोन्ही हसत होते. दोन्ही कान दिसत होते.

आधी चांगलं सांगायचं. सेल्वी म्हणाली, "नल्ला इरुक्कु." मग ती थांबली. 'आना' म्हणून काही आलंच नाही.

मुरारीची पाळी. स्वयंपाकघराचं दार चांगलं चार बोटं कललेलं होतं, मला दिसत होतं, म्हणजे त्याला दिसलंच असणार. तो म्हणाला, "जिवंत आलाय." आणि गप्प.

सरांनी घसा साफ केला, चष्मा पुसला, परत घातला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. काय बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, की इतका वेळ मी फोटो बघत होते आणि त्यातले दात मी पाहिलेच नव्हते. मला रडू येत होतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या विठ्ठलरावांचं चावणं थांबलं.

"'पण' कां म्हणत नाहींत कोणी?" मागच्या बाकावरनं आवाज आला. "ह्यांना रोज म्हणतां ना? मी आलें म्हणून भीता काय?"

"मग मी म्हणतें." कावेरीबाई उठून टीव्हीपाशी आल्या. बराच वेळ स्वतःकडे बघत उभ्या राहिल्या. चार वर्षांनी बघत होत्या. "फोटो चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "पण साडी अगदींच जुनी. मागं दूध उतूं गेलंय. लग्नांत पाहुण्यांना हा दाखवला तर म्हणतील, हिला गॅस बंद करायला येत नाहीं."

असं म्हणून त्या पेशंटच्या बाकावर जाऊन बसल्या, दात घासायच्या तक्त्याशेजारी, पांढऱ्या भिंतीपुढे. पदर गालावरनं सोडला आणि खांद्यावर नीट लावला. दोन्ही हातांनी केस कानांमागं सारले.

विठ्ठलराव वळले. कॅमेरा त्यांच्या हातात होता आणि तोंडात बोंडा, त्यामुळे त्यांना काही बोलता येईना.

"आज बरी साडी आहे. आतां काढा," कावेरीबाई म्हणाल्या. "दोन्ही कान दिसतात ना?"